पाय खाली गेला का?

बारामतीहून फलटणला जाताना नीरा नदीच्या अलीकडे सांगवी लागतं. नदी ओलांडली की सातारा जिल्हा. पाण्याचा मुलूख, त्यामुळे रस्त्याच्या दोन्ही अंगांना ऊस. हंगाम सुरू झाला की माळेगाव कारखान्याकडे निघालेल्या ट्रॅक्टरांची रीघ लागते, एकेका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या. कुणाचा पाटा तुटतो, कुणाचा टायर फुटतो, कुणाची पिन निसटते. अशा गावात मिस्त्रीच्या हाताला विसावा नसतो.

त्या रस्त्याला एका मिस्त्रीची पत्र्याची शेड होती. पाटी नव्हती, पण लोक विचारत विचारत यायचे. त्याची एक रीत होती. गाडी कशाचंही काम घेऊन येवो, हॉर्न वाजत नाही म्हणून येवो की सायलेन्सर फुटला म्हणून, तो आधी आत बसायचा आणि ब्रेकवर पाय ठेवायचा. दाबायचा आणि बराच वेळ तसाच दाबून धरायचा. मग खाली उतरून म्हणायचा, "हां, आता सांगा काय झालंय." कुणी विचारलं तर त्याचं उत्तर ठरलेलं होतं. "इंजिन बिघडलं तर गाडी उभी राहती. ब्रेक बिघडला तर उभी राहत न्हाई. मग आधी काय बघायचं?"

एका हंगामात, थंडी चांगली पडली होती तेव्हा, त्याच्याकडे गुरुजींची पद्मिनी आली.

गुरुजी हायस्कुलात विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. गाडी १९८६ सालची. तिचा त्यांना लळा होता, आणि त्या लळ्याला इथल्याच मातीतलं एक कारण होतं. शेजारच्या इंदापूर तालुक्यात कळंबच्या माळावर ज्यांनी साखर कारखाना उभा केला, ज्यांच्या नावानं पुढे वालचंदनगर वसलं, त्याच वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीच्या फियाटच्या परवान्यानं गाड्या बनू लागल्या आणि त्यातलीच एक सत्तरच्या दशकात पद्मिनी झाली. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून सगळा महाराष्ट्र तिला ओळखतो. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर त्या टॅक्स्यांतली शेवटची रस्त्यावरून उतरली. गुरुजी म्हणायचे, "आपल्या शेजारगावच्या कारखानदाराची गाडी आहे ही. घरातल्या माणसासारखी सांभाळायची." आणि सांभाळत होतेही. रंगाला ओरखडा नव्हता, गाद्यांवर घरी शिवलेले अभ्रे होते.

गाडी आणली होती हेडलाइटसाठी. दुसऱ्या दिवशी पहाटे निघून फलटणमार्गे वाई, तिथं ढोल्या गणपतीचं दर्शन, मग पसरणीचा घाट चढून पाचगणी. नात तिथल्या वसतिगृहाच्या शाळेत होती आणि संध्याकाळी तिचं स्नेहसंमेलन होतं. पहाटेच्या अंधारात एकच दिवा कसा चालेल, म्हणून ते आदल्या दिवशी दुपारीच आले.

मिस्त्री आत बसला. पाय ठेवला. पॅडल जवळजवळ तळाला गेलं. त्यानं पाय उचलून पुन्हा दाबलं, ते अर्ध्यावर थांबलं. तिसऱ्यांदा दाबलं, तेव्हा वरच लागलं. पण त्या लागण्यात कणखरपणा नव्हता, पायाखाली काहीतरी दबत होतं.

"गुरुजी, किती दिवस झालं असं?"

"असं म्हणजे?"

"पयल्या दाबाला पाय तळाला जातोय."

"हां, ते होय. दोनदा दाबलं की व्यवस्थित लागतो. मला सवय झालीय त्याची."

मिस्त्री खाली उतरला. "तुम्हाला सवय झाली, गुरुजी. गाडीम्होरं पळत येणाऱ्या पोराला कुठं सवय झालीय?"

गुरुजींकडे याला उत्तर नव्हतं. विज्ञानाचा माणूस, मुद्दा लगेच पटला. आणि पटल्यावर त्यांनी घड्याळाकडे पाहिलं नाही, हे मला त्यांच्या मोठेपणाचं वाटतं. ते म्हणाले, "मग काढ काय काढायचं ते."

दोनदा दाबून ब्रेक लावायची सवय आपल्याकडे अनेक जुन्या गाडीवाल्यांना असते, आणि ती फार फसवी असते. ब्रेकचे लायनर झिजून ड्रमपासून लांब गेले असतील तर पहिल्या दाबाचं ऑइल ते अंतर तोडण्यातच संपतं. ते मागं हटायच्या आत दुसरा दाब दिला की लागल्यासारखं वाटतं. नळीत हवा शिरली असेल तर पायाचा जोर हवा दाबण्यात जातो. ऑइल दबत नाही, म्हणून ते जोर पुढे पोहोचवतं. हवा दबते, म्हणून ती जोर गिळून बसते. दोन्ही वेळा माणूस म्हणतो, "लागतो की." लागतो, पण त्याला दुसरी संधी मिळाली तर. रस्त्यावर ती मिळेल असं कुणी लिहून दिलेलं नसतं.

मिस्त्रीनं आधी लायनर ड्रमच्या जवळ आणून पाहिले. अशा कामात हेच आधी करावं लागतं, नाहीतर एका रोगाला दुसऱ्याचं औषध होतं. पॅडल थोडं वर आलं, पण दबणं तसंच राहिलं. म्हणजे हवा होती. हवा आत आली तर ती कुठूनतरी आली असणार. त्यानं मागच्या डाव्या चाकाचा ड्रम उतरवला आणि व्हील सिलिंडरच्या टोकाचं रबर बोटानं उचललं. आतून काळपट ओल बोटाला लागली. बोट त्यानं गुरुजींपुढे धरलं. "हितनं ऑइल बाहीर येतंय. जिथनं ऑइल बाहीर येतं, तिथनंच हवा आत जाती."

सिलिंडरचं रबर किट बदललं. मग त्यानं बारामतीहून ब्रेक ऑइलचा नवा, सील न फोडलेला डबा मागवला. शेल्फावर अर्धा भरलेला एक डबा होता. शेडमधला पोरगा तो घेऊन आला, तर मिस्त्री म्हणाला, "त्यो उघडा हाय. नगं."

पोरगा दहावी करून कामाला लागलेला. हुशार, चपळ, आणि आपल्याला सगळं आलं पाहिजे या घाईत असलेला. त्याला ते पटलं नाही. "ऑइल तर तेच हाय की."

इथं गुरुजींना राहवलं नाही. त्यांनी पोराला समजावून सांगितलं, की हे ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं. डॉट ३ जातीचं नवं ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळता कामा नये असा दंडक आहे. त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की हीच मर्यादा १४० अंशांवर येते. घाट उतरताना ब्रेक दाबत दाबत आलं की ड्रम तापतात, ती उष्णता सिलिंडरमधल्या ऑइलपर्यंत पोहोचते, पाण्याची वाफ होते, आणि वाफ हवेसारखीच दबते. पॅडल तळाला जातं. खाली वाईत येऊन गाडी निवली की पॅडल पुन्हा ठणठणीत, आणि माणूस म्हणतो, मघाशी काय झालं होतं कोण जाणे.

"गुरुजी, हे समदं तुम्हाला म्हाईत हुतं?" पोरानं विचारलं.

"शिकवलंय मी," गुरुजी म्हणाले. "गाडीत बसल्यावर आठवलं नाही."

मग हवा काढायचं काम सुरू झालं. ज्यांनी हे पाहिलं नसेल त्यांच्यासाठी जरा सावकाश सांगतो, कारण पुढची सगळी गोष्ट या कामाच्या रीतीवर उभी आहे.

याला दोन माणसं लागतात. एक आत पॅडलवर, दुसरा चाकाशी जमिनीवर. चाकाच्या सिलिंडरला वरच्या अंगाला एक बारीक निपल असतो. वरच्या अंगाला अशासाठी, की हवा वर चढते. निपलवर सलाइनची पारदर्शक नळी बसवायची आणि तिचं दुसरं टोक बाटलीत बोटभर ऑइलमध्ये बुडवायचं. आतल्या माणसानं पॅडल काही वेळा मारून दाबून धरायचं. बाहेरच्यानं पान्यानं निपल पाव आटा सैल करायचा. नळीतून ऑइल येतं, त्याबरोबर हवेचे बुडबुडे येतात. आतल्याचा पाय खाली खाली जातो आणि तळाला टेकतो. निपल आवळायचा. मगच पाय उचलायचा. निपल उघडा असताना पाय उचलला तर नळीतून हवाच उलटी आत ओढली जाते आणि केलं काम मातीत. सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात: मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, आणि शेवटी ड्रायव्हरच्या पायाजवळचं पुढचं उजवं. मध्येमध्ये बॉनेटमधल्या डबीत ऑइल घालत राहायचं. डबी रिकामी झाली की वरूनच हवा शिरते.

या दोन माणसांना एकमेकांचं काम दिसत नाही. आतल्याला निपल दिसत नाही, बाहेरच्याला पाय दिसत नाही. मध्ये फक्त शब्द असतात. "मार." "धर." "सोड."

मागच्या चाकांना मिस्त्री खाली बसला, पोरगा पॅडलवर. पहिल्याच वेळी पोरानं पाय तळाला टेकला म्हणून आपणहून उचलला. मिस्त्रीच्या नळीत ऑइल सर्रकन मागं सरलं आणि पाठोपाठ हवेचा एक लांब तुकडा आत गेला.

"कुणी सोड म्हणालं?"

"पाय टेकला हुता, मला वाटलं झालं."

"तुला हितलं दिसतंय का?"

"न्हाई."

"मग वाटून कसं चालंल? मी सोड म्हणतोय तवर पाय मोडला तरी उचलायचा न्हाई. आन् मी बी निपल आवळल्याबिगर सोड म्हणणार न्हाई. त्यो माझा शब्द."

पुन्हा पहिल्यापासून. आधी काळपट, गढूळ ऑइल आलं, बुडबुडे घेऊन. मोठे बुडबुडे संपले, मग मोहरीएवढे, मग नळीच्या कडेला चिकटून येणारे अगदी बारीक. मिस्त्री डोळा नळीला लावून बसला होता. बारीक बुडबुडे संपले असं वाटल्यावरही त्यानं आणखी काही वेळा मारायला लावलं, आणि खरंच एक मागं राहिलेला बुडबुडा आला. मग नुसतं स्वच्छ, पिवळसर ऑइल. मागचं उजवंही झालं. बॉनेटच्या कडेवर ऑइलचा एक थेंब सांडला होता, तो त्यानं लगेच भरपूर पाण्यानं धुऊन टाकला, कारण हे ऑइल रंग खातं आणि गुरुजींचा जीव त्या रंगात होता.

इतक्यात एक मोटरसायकलवाला धावत आला. शिरवलीकडच्या रस्त्याला उसाच्या ट्रॉलीचा पाटा तुटून ती आडवी झाली होती, दोन्हीकडून वाहनं अडली होती. मिस्त्रीला जाणं भाग होतं. जाताना त्यानं पोराच्या हातात पाना दिला.

"म्होरली दोन राहिली. गुरुजी पाय देतील. डबीकडं ध्यान ठेव. काय अडलं तर तसंच ठेव, मी आल्यावर बघू."

पोराला पहिल्यांदाच एकट्याला काम मिळालं होतं. तो खाली बसला, गुरुजी आत बसले.

पुढचं डावं चाक छान झालं. "मारा, गुरुजी… धरा… सोडा." गुरुजींना त्यात एक गंमत सापडली. "धरा" म्हटल्यावर पायाखाली आधी सगळं घट्ट असायचं, मग पोरानं निपल सैल केला की पॅडल आपोआप, संथपणे खाली जायचं. दर वेळी तसंच. ते आतूनच म्हणाले, "पास्कल! बंदिस्त द्रवावर दाब दिला की तो सगळीकडे सारखा पोहोचतो. सतराव्या शतकातला माणूस. तू शाळेत शिकलास की नाही?"

"मार्कापुरतं," पोरगा खालून म्हणाला.

"मी पण मार्कापुरतंच शिकवलं बहुतेक. पायाला आज कळतंय." आणि त्यांनी त्याला सांगितलं, की पूर्वी मोटारीचे ब्रेक सळया आणि तारांनी ओढले जायचे. चारही चाकं कधी सारखी लागत नसत, गाडी एका अंगाला ओढ घ्यायची. अमेरिकेत माल्कम लॉकहीड नावाच्या माणसानं पहिल्या महायुद्धाच्या काळात द्रवाच्या ब्रेकचं पेटंट घेतलं आणि १९२१ साली ड्यूझनबर्गच्या गाडीला ते चारही चाकांना आले. एका पायाचा जोर चार ठिकाणी सारखा पोहोचवणारी ही रीत शंभर वर्षं टिकली आहे.

मग शेवटचं चाक. पुढचं उजवं.

पोरानं निपलवरची माती झाडली. खाली निपल गंजून लाल झालेला होता. टोपी कधीचीच पडून गेलेली. त्यानं पाना बसवून ओढलं. हललं नाही. जोर वाढवला, तर पाना घसरतोय असं वाटलं. निपलची कड गेली असती किंवा तो आतल्या आत तुटला असता. तुटलेल्या निपलच्या गोष्टी त्यानं ऐकल्या होत्या. त्याच्या डोळ्यासमोर मिस्त्रीचा चेहरा आला. पहिल्यांदा भरवसा ठेवला आणि पहिल्याच दिवशी निपल तोडला.

मिस्त्रीनं सांगून ठेवलं होतं, अडलं तर तसंच ठेव. पण "अडलंय" म्हणणं त्या वेळी त्याला फार कमीपणाचं वाटलं. तीन चाकं झाली होती, पॅडल घट्ट लागत असणार, हे त्याला ठाऊक होतं. या चाकात हवा असेलच असं कुठं होतं?

"मारा, गुरुजी."

गुरुजींनी मारलं.

"धरा."

गुरुजींनी धरलं. पोरानं निपलला हात लावला नाही.

"सोडा."

असं बऱ्याच वेळा केलं, मघाच्या चाकाइतकंच, म्हणजे शंका यायला नको. मग उठून हात पुसत म्हणाला, "झालं, गुरुजी."

आत बसलेल्या गुरुजींच्या पायाला कळलं होतं. या चाकाला पॅडल एकदाही खाली गेलं नव्हतं. त्यांना वाटलं, हे चाक पायाजवळचं असल्यामुळे असं होत असेल. त्यांनी विचारलं नाही. पोरगा एवढ्या उत्साहानं काम करत होता, त्याला मध्येच कशाला टोकायचं.

दिवस मावळताना मिस्त्री आला. हात ग्रीसनं भरलेले, अंगावर पाचटाची कुसळं. हात धुऊन तो गाडीत बसला आणि ब्रेकवर पाय ठेवला. पहिल्याच दाबाला पॅडल वर, घट्ट. त्यानं दाबून धरलं. एक मिनिट, दोन मिनिटं. पॅडल तसूभर हललं नाही. म्हणजे त्याच्या नेहमीच्या परीक्षेत गाडी पास झाली होती. दुसऱ्या कुणी इथंच चावी दिली असती.

तो उतरला आणि त्यानं गुरुजींना विचारलं, "म्होरल्या दोन्ही चाकांला पाय खाली गेला का?"

गुरुजींनी पोराकडे पाहिलं. पोरानं नजर जमिनीकडे वळवली, आणि तेवढ्यानं गुरुजींना सगळं समजलं.

त्या क्षणी त्यांच्यापुढे दोन वाटा होत्या, आणि सोपी वाट दोन्ही अंगांनी सोयीची होती. "गेला" म्हटलं असतं तर पोरगा वाचला असता आणि पहाटेचा प्रवासही वाचला असता. शिवाय आयुष्यभर त्यांनी हेच तर केलं होतं. प्रयोगवहीत वाचनं आधीच लिहून आणणारी मुलं त्यांना बरोबर ओळखू यायची. प्रयोगाच्या आधीच उत्तर बरोबर आलेलं असायचं. लहान आहेत म्हणून, परीक्षा जवळ आहे म्हणून, त्यांनी कितीतरी वह्यांवर सही केली होती. ते दयेनं केलं होतं. पण ज्या पोरांवर ती दया झाली, त्यांना प्रयोग कधीच आला नाही.

"डाव्याला गेला," गुरुजी म्हणाले. "उजव्याला नाही गेला."

मिस्त्रीनं बॅटरी घेतली आणि चाकाशी बसला. गंज जसाच्या तसा होता. तो काही वेळ बसूनच राहिला. पोराला वाटलं आता मार बसणार. मिस्त्रीनं आवाजसुद्धा चढवला नाही.

"का रं?"

"निपल तुटंल म्हणून भ्यालो."

"भ्यालास त्यात काय न्हाई. म्या बी भितो. मग तसं बोलायचं."

"पॅडल तर टाइट लागत हुतं."

"लागत हुतं. आत्ता मला बी लागलं." मिस्त्री उठून उभा राहिला. "हे बघ. निपल तुटला असता तर ड्रिल मारून काढला असता. न्हाईच निघाला तर सिलिंडर नवा घातला असता. पैसं गेलं असतं, दिवस गेला असता, त्याला इलाज हाय. पर तू 'झालं' म्हणलास आन् ते गुरुजींच्या डोस्क्यात बसलं. ते घेऊन त्ये उद्या घाट उतरणार. ते तिथनं कुठल्या पान्यानं काढू?"

पोराच्या डोळ्यांत पाणी आलं.

"तुला दिसत हुतं, त्यांला दिसत न्हवतं. ह्या कामात ज्याला दिसतं त्यानं खोटं बोलायचं न्हाई. बाकी समदं शिकता येतं."

गुरुजी पुढे झाले. "त्याला एकट्याला बोलू नकोस. पाय खाली जात नाही हे मला कळत होतं. मी विचारायला हवं होतं. विचारलं असतं तर तो खरं बोलला असता."

मिस्त्रीनं मान हलवली. तेही खरंच होतं.

गाडी त्यानं त्या रात्री दिली नाही. गुरुजींनी मागितलीही नाही. मिस्त्रीनं पोराला शेजारी बसवून गंजलेला निपल कसा हाताळायचा ते दाखवलं. तारेच्या ब्रशनं गंज खरवडला, गंज सोडवणारं ऑइल निपलच्या मुळाशी सोडलं, लहान हातोडीनं टोकावर हलके हलके ठोके दिले म्हणजे ते आट्यांत उतरेल. उघड्या तोंडाचा पाना अजिबात लावायचा नाही, सहाही कडा धरणारा रिंग पाना लावायचा. आणि पहिल्यांदा सोडवायच्या दिशेनं न ओढता आवळायच्या दिशेनं किंचित दाबायचं, म्हणजे गंजाची पकड मोडते. एवढं करून त्यानं पाना खाली ठेवला. "आता रातभर मुरू दे. घाई केली तर तुटंल."

सकाळी उजाडताच गुरुजी आले. पॅडलवर तेच बसले. पाना पोराच्या हातात होता. मिस्त्रीनं तो मुद्दामच त्याला दिला आणि स्वतः हात मागं बांधून उभा राहिला. पोरानं आधी किंचित आवळलं, मग सोडवायला जोर दिला. बारीक 'कट्' झालं. पोराचा श्वास अडकला. निपल तुटला नव्हता, सुटला होता.

"मारा, गुरुजी. धरा."

निपल पाव आटा फिरला. नळीत काळंभोर जुनं ऑइल आलं. पोरगा डोळा लावून बसला. काळं संपलं, गढूळ आलं, मग स्वच्छ. बुडबुडा एकही आला नाही. त्यानं पुन्हा पुन्हा मारायला लावलं. एकही नाही.

तो मिस्त्रीकडे बघून हळूच म्हणाला, "हवा न्हवतीच की ह्या चाकात."

"न्हवती," मिस्त्री म्हणाला. "हे तुला कवा कळलं?"

"आत्ता."

"काल 'झालं' म्हणलास तवा म्हाईत हुतं का?"

पोरगा गप्प झाला. आणि बाटलीत साठलेलं ते काळं ऑइल, जे त्या चाकात कितीतरी वर्षं पाणी पीत बसलं होतं आणि आज पसरणीच्या घाटात तापलं असतं, ते त्यानं स्वतःच उचलून बाजूला ठेवलं. ते पुन्हा वापरायचं नसतं.

निपलवर नवी रबरी टोपी बसली. डबी खुणेपर्यंत भरली. मिस्त्री स्वतः गाडी घेऊन नदीच्या रस्त्याला गेला. मोकळ्या जागी आधी हळू, मग जरा वेगात ब्रेक लावून पाहिला. गाडी सरळ रेषेत, पहिल्या दाबाला उभी राहिली. आल्यावर त्यानं चावी दिली आणि एवढंच सांगितलं, "घाट ज्या गिअरात चढाल त्याच गिअरात उतरा. ब्रेकवर पाय ठेवून उतरू नका."

वाईचं दर्शन परतीवर टाकावं लागलं. संमेलनाला गुरुजी वेळेत पोहोचले.

त्या शेडमध्ये हवा काढायची रीत तेव्हापासून थोडी बदलली. पूर्वी चाकाशी बसलेलाच बोलायचा, पॅडलवरचा मुकाट पाय द्यायचा. आता पोरगा आतल्यालाही बोलायला लावतो. तो "धर" म्हणतो, निपल सैल करतो, आणि आतून "गेला" असं ऐकू आल्याशिवाय आवळत नाही. मग "सोड". टेम्पोचा ड्रायव्हर असो, ट्रॅक्टरवाला असो, की सुटीत आलेला कुणाचा पुण्याचा जावई असो, पॅडलवर बसणाऱ्याला आधी हे समजावून सांगितलं जातं. कुणी विसरून गप्प बसला तर पोरगा चाकाखालून हात थांबवतो आणि ओरडतो, "गेला का न्हाई? बोला की, मला दिसत न्हाई!"